चित्र, गाणे, नाटक : मुलांनी शिकावे कोठे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लखनौ येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे असे कार्यवाहांनी सांगितले, त्याच वेळी विषयही त्यांनीच ठरवून टाकला. त्याचे कारण आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. बारावीचे निकाल लागले की मंडळाच्या सभासदांपैकी दोघेतिघे तरी दरवर्षी आमच्या घरी येतात, चहा होतो, हवापाण्याच्या गोष्टी होतात, आणि उठता उठता मुख्य गोष्ट निघते : "मुलगी चित्रकला घ्यायची म्हणते. कोठे घालावी?" किंवा "चिरंजीव नाटकाच्या मागे लागले आहेत. काय करावे?" पहिल्या प्रश्नातील स्वर काळजीचा असतो, दुसऱ्यातील बहुधा तक्रारीचा.

आम्ही स्वतः चित्रकार नाही, गवईही नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत लागलो. टिपणी लिहिणे ही एकच कला आम्हांस साध्य आहे, आणि तिच्यासाठी अद्याप कोणत्या विद्यापीठाने पदवी ठेवलेली नाही. तथापि बदल्यांच्या निमित्ताने बडोदे, कोलकाता, दिल्ली आणि आता लखनौ अशा शहरी बिऱ्हाड थाटावे लागले, आणि या सर्व ठिकाणी कलाशिक्षणाच्या नामांकित संस्था आहेत. थोरली मुलगी चित्रकलेच्या वाटेने गेली, धाकटा गाण्याच्या. त्यामुळे माहितीपुस्तके मिळवणे, प्रवेशपरीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर उभे राहणे, वसतिगृहाच्या अधीक्षकांशी बोलणे हे सर्व यथासांग घडले. त्यातून आणि थोड्याफार वाचनातून जे हाती लागले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

येणारे पालक पहिल्यानेच विचारतात की सर्वांत चांगली संस्था कोणती. हा प्रश्न अभियांत्रिकीच्या प्रवेशावरून आलेला आहे. तेथे अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखा, पुस्तके तीच. तेव्हा क्रमवारीत वरची संस्था घ्यावी हे समजण्यासारखे आहे. चित्र, शिल्प, गाणे, नृत्य, नाटक यांचे तसे नाही. येथे विद्यार्थ्याला जे मिळते ते दोनतीन माणसांकडून मिळते आणि रोजच्या सहवासातून मिळते. ती माणसे आहेत तोवर संस्था मोठी. ती गेली की पाटी तीच राहते. आत काय उरले ते मात्र पुन्हा तपासावे लागते. कीर्ती ही बहुधा वीसपंचवीस वर्षे मागून चालत असते.

इंदूरचे उदाहरण घेऊ. होळकरांच्या राजवटीत तेथे दत्तात्रय दामोदर देवळालीकर नावाचे शिक्षक चित्रकला शिकवीत. मुंबईच्या मानाने गाव लहान, शाळाही लहान. परंतु त्या एका शिक्षकाच्या हाताखालून ना. श्री. बेंद्रे निघाले, दे. ज. जोशी निघाले, विष्णू चिंचाळकर निघाले, आणि मकबूल फिदा हुसेन यांनीही तरुणपणी तेथेच धडे घेतले. देवळालीकर मुलांना वर्गाबाहेर काढून उघड्यावर निसर्गचित्रे करावयास लावीत. त्या काळी एखाद्या पालकाने केवळ नाव पाहून संस्था निवडली असती, तर इंदूरचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नसता.

आपण लखनौकरांना तर इतके दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज सुरू केले. त्या वेळच्या गव्हर्नरांचे नाव त्याला दिले होते. राय उमानाथ बली यांच्यासारखी स्थानिक मंडळी पाठीशी होती. त्याआधी १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय निघाले होते, आणि त्याहीपूर्वी १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. दोघेही मराठी, एक वकिलीचे शिक्षण घेतलेले, दुसरे मिरजेस गाणे शिकलेले. गाणे घराण्याच्या उंबरठ्याबाहेर काढून वर्गात आणावे, शुल्क भरणाऱ्या कोणाही मुलाला ते शिकता यावे, हा दोघांचा ध्यास. आज आपल्या मुली हातात वही घेऊन गाण्याच्या वर्गाला जातात आणि कोणी भुवई उंचावत नाही, याचे श्रेय पुष्कळसे या दोघांकडे जाते. मॅरिस कॉलेजचे पुढे भातखंडे यांच्या नावाने नामकरण झाले, २००० साली ते अभिमत विद्यापीठ झाले आणि २०२२ पासून ते राज्य विद्यापीठ आहे.

परंतु या संस्थेच्या इतिहासात पालकांनी ध्यानी घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर अनेक वर्षे येथे प्राचार्य होते. १९३६ साली बेळगावकडील बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे शिकण्यास लखनौला आला. तो मुलगा म्हणजे पुढचे कृ. गुं. गिंडे. तो कॉलेजात शिकला हे खरे. पण तो गुरूच्या घरीही राहिला, त्यांच्या मागे बसून तंबोरा छेडला, त्यांचे गाणे उठताबसता ऐकले. त्या पिढीतील दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर यांच्याही शिक्षणाचा पाया येथेच घातला गेला. कॉलेजच्या तासांनी जाणते श्रोते आणि शिक्षक पुष्कळ तयार केले. मैफलीचा गवई मात्र तास संपल्यानंतरच्या वेळात तयार झाला. आजही संगीताच्या कोणत्याही संस्थेत गेलात तर हेच विचारा : वर्गात मुले किती, गुरू एकेकट्याला किती वेळ देतात, ते स्वतः अजून मैफल करतात काय, आणि वर्ग सुटल्यावर मुलाला त्यांच्याजवळ बसता येते काय. पदवीचे नाव त्यानंतर विचारावे.

केवळ या सहवासासाठीच काढलेली संस्थाही आहे. कोलकात्याच्या टॉलीगंज भागात १९७८ पासून आय.टी.सी. संगीत रिसर्च अकादमी आहे. तेथे निवडलेले विद्यार्थी गुरूंच्या सान्निध्यात राहून शिकतात, त्यांना शुल्क पडत नाही, उलट शिष्यवृत्ती मिळते. विदर्भातून आलेले उल्हास कशाळकर तेथे १९९३ पासून अनेक वर्षे गुरू म्हणून राहिले. आम्ही कोलकात्यास असताना अकादमीच्या आवारात सकाळी फिरावयास गेलो की झाडांआडून निरनिराळ्या खोल्यांतले षड्ज ऐकू येत. तेथे प्रवेश ऐकून दिला जातो आणि तो फार थोड्यांना मिळतो. परंतु घरी गाणारे मूल असेल तर निदान असे काही असते, एवढे तरी ठाऊक असावे.

आता प्रशस्तिपत्रांविषयी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्या घरोघरी परिचित आहेत : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. प्रयागच्या संगीत समितीच्या आहेत, भातखंडे परंपरेच्या आहेत. बदलीच्या नोकरीत या परीक्षांचा मोठा आधार असतो, कारण गाव बदलले तरी पायरी तीच राहते. जबलपुरात प्रवेशिका झाली तर गुवाहाटीत मध्यमेला बसता येते. चित्रकलेत महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांचे असेच आहे. त्यांनी शिस्त लागते, हे आम्ही मान्य करतो. मात्र पायऱ्या चढणे म्हणजे माडीवर पोहोचणे, असा समज घरोघरी झालेला आहे तो घातक आहे. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा सोळाव्या वर्षी विशारद झाला, घरी पेढे वाटले गेले. पुढे एका विद्यापीठाच्या प्रवेशचाचणीत परीक्षकांनी पेटी बाजूला सारली आणि नुसत्या तंबोऱ्यावर गा म्हणून सांगितले. मुलाने आयुष्यात तंबोऱ्यावर कधी गायिले नव्हते. ज्या वर्गात तो शिकला तेथे एकही तंबोरा नव्हता. परीक्षेतील राग तेवढे पाठ करून घेतले जात. मुलाचा दोष काडीचाही नव्हता. सुदैवाने त्याला पुढे एक चांगले गुरू भेटले, परंतु स्वर लावण्यापासून पुन्हा आरंभ करण्यात दोन वर्षे गेली.

दोन वर्षे म्हणजे थोडी नव्हेत, कारण या विद्यांत प्रत्येकीचे वय ठरलेले आहे. पालकांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. ते सर्व कलांचा विचार बारावीनंतर करू पाहतात. नृत्याला आणि गाण्याला तो उशीर असतो. केरळच्या चेरुतुरुत्ती गावी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये स्थापिलेल्या कलामंडलम् येथे कथकली शिकणारी मुले शाळकरी वयातच येतात. अंग कोवळे असतानाच पहाटे उठून डोळ्यांचे आणि अंगाचे व्यायाम सुरू होतात, पावसाळ्यात तेल लावून अंग मळण्याची रीत आहे. चेन्नईचे कलाक्षेत्र, रुक्मिणीदेवींनी १९३६ साली काढलेले, शालेय शिक्षणानंतर पदविकेला घेते. पण तेथे निवडली जाणारी मुलगी त्यापूर्वी काही वर्षे नाचलेली असते. चित्रशिल्पाचे बारावीनंतर चालते, कारण डोळा आणि बुद्धी दोन्ही थोडी पक्व झालेली बरी. आणि नाटकाच्या बाबतीत तर आमचे स्पष्ट मत असे की, आधी कोणतीही एक पदवी घ्यावी. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय हेच मागते : कोणत्याही विषयाची पदवी, हिंदी-इंग्रजीचे कामचलाऊ ज्ञान आणि निदान सहा नाट्यप्रयोगांतील सहभाग. म्हणजे चौदाव्या वर्षी नाटकाच्या मागे लागलेल्या चिरंजीवांना घाईघाईने कोठे घालण्याचे कारण नाही. त्यांनी इतिहास शिकावा, वाङ्मय शिकावे, आणि नाटके करावीत. या मंडळाच्या गणेशोत्सवातला रंगमंच त्यासाठीच आहे, मग तालमीला उशीर झाला म्हणून घरी कितीही बोलणी बसोत.

चित्रकलेविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण विचारणा सर्वांत अधिक तिचीच होते आणि तीन संस्थांची नावे हमखास निघतात : मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय, बडोद्याची ललित कला शाखा आणि शांतिनिकेतनचे कलाभवन. तिघींची जात निराळी आहे. ज. जी. १८५७ सालचे. हातावर रेखाटनाचे वळण बसविण्याची तेथील परंपरा जुनी. १८७२ पासून तेथील विद्यार्थी ग्रिफिथ्ससाहेबांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास गेले, ते काम वर्षानुवर्षे चालले होते. शेजारीच उपयोजित कलेची संस्था, भोवती मुंबईचा जाहिरातीचा, छपाईचा, चित्रपटाचा व्यवसाय. ज्या मुलाचा हात चालतो आणि ज्याला चारपाच वर्षांत आपल्या पायावर उभे राहायचे आहे, त्याने मुंबईचा विचार अवश्य करावा. २०२३ मध्ये या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला आहे, तेव्हा प्रवेशाचे जुने नियम जसेच्या तसे गृहीत धरू नयेत.

येथे आपल्यासारख्यांकरिता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. महाराष्ट्रातील शासकीय प्रवेशांत मातृभाषा विचारात घेतली जात नाही, अधिवास घेतला जातो. आडनावाच्या शेवटी 'कर' असले आणि घरात रोज वरणभात शिजत असला तरी लखनौत दहावी-बारावी झालेले मूल नियमाच्या दृष्टीने बाहेरचे ठरू शकते. पालकांचा अधिवास दाखला, महाराष्ट्रात बदली होऊन आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असलेली तरतूद, या गोष्टी माहितीपुस्तकाच्या पाठीमागील बारीक टाइपात असतात. बारीक टाइप वाचण्यात आमचे आयुष्य गेले आहे. म्हणून सांगतो की पुस्तक मागच्या पानापासून वाचावे.

बडोद्याची गोष्ट वेगळी. सयाजीरावांच्या नगरीत १८८६ सालीच मौलाबक्षांची गायनशाळा होती, आणि विद्यापीठ झाल्यावर १९५० साली ललित कला शाखा निघाली. हंसा मेहता त्या वेळी कुलगुरू होत्या. मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता. इंदूरच्या देवळालीकरांचे शिष्य बेंद्रे तेथे चित्रकला शिकवू लागले, शंखो चौधुरी शिल्प, पुढे के. जी. सुब्रमण्यन आले. चित्र काढणाऱ्याने कलेचा इतिहासही वाचावा आणि तो विद्यापीठाच्या पदवीसाठी वाचावा, हा विचार तेथे मूळ धरून राहिला. आमची थोरली तेथे शिकली. पहिल्या वर्षी तिची पत्रे रंगांविषयी असत, तिसऱ्या वर्षी पुस्तकांविषयी येऊ लागली. तेथील फार मोठा लाभ म्हणजे आवार. शिल्पाचा विद्यार्थी माती मळीत असतो, त्याच्यासमोरून मुद्राचित्रणाची मुले ओले कागद घेऊन जातात, शिक्षक आपल्या कामाला लागलेले असतात आणि कोणीही कोणाच्या खांद्यावरून डोकावते. ज्या मुलाला विचार करण्याची खोड आहे, त्याला बडोदे मानवते. केवळ हात साफ व्हावा अशी अपेक्षा असेल, तर मात्र तो तेथे गोंधळतो.

शांतिनिकेतनचे कलाभवन १९१९ सालचे. नंदलाल बसूंनी ते घडविले. तेथे शिकविण्याचा अर्धा भाग भिंतींनी आणि झाडांनी उचललेला आहे असे म्हणावेसे वाटते. रामकिंकर बैज यांचे १९३८ सालचे 'संथाळ कुटुंब' वाटेवरच उभे आहे. हिंदी भवनाच्या भिंतीवर विनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचे जीवन रंगविले आहे, ते पाहताना मराठी माणसाचे पाय आपोआप थबकतात. विनायक मासोजी हे मराठी कलावंत तेथे नंदलालांचे शिष्य होते आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. परंतु पालकांनी हेही लक्षात घ्यावे की ते शहर नव्हे. संध्याकाळी सात वाजता अंधार आणि शांतता. एकटेपणा सोसणारे मूल तेथे फुलते. शहरी गजबजाटाची सवय असलेल्या एका मुलीला पहिल्याच पावसाळ्यात परत आणावे लागल्याचे आम्ही पाहिले आहे. मूल कसे आहे हे आईबापांना ठाऊक असते. संस्थेच्या माहितीपुस्तकात ते छापलेले नसते.

आणि आपल्या गोमतीकाठच्या कला महाविद्यालयाचे काय? १९११ साली स्थापन झालेले, १९२५ पासून असितकुमार हालदार जेथे प्राचार्य होते आणि आज लखनौ विद्यापीठाचा भाग असलेले हे महाविद्यालय आपल्या पुष्कळांच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. पण घरापासून जवळ, एवढ्याच कारणाने पालक त्याला कमी लेखतात. चार वर्षांच्या वसतिगृहाचा आणि प्रवासाचा खर्च वाचला तर त्यात कॅनव्हास, रंग आणि दरवर्षी एक मोठा प्रवास होतो. अजिंठा, सांची, महाबलीपुरम् पाहून आलेला मुलगा वसतिगृहात पत्ते कुटणाऱ्यापेक्षा अधिक शिकलेला असतो. भातखंडे विद्यापीठाचे आणि राज बिसारिया यांनी १९७५ साली उभारलेल्या भारतेंदु नाट्य अकादमीचेही असेच. या शहरात तिन्ही कलांची द्वारे आहेत हे आपल्याला बाहेरगावच्या नातेवाइकांकडून ऐकावे लागते, ही गंमतच म्हणायची.

नाटकासंबंधी आणखी थोडे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चे. १९६२ ते १९७७ इब्राहिम अल्काझी तेथे संचालक होते, त्या काळात त्याचा पिंड घडला. पुण्याहून गेलेल्या रोहिणी हट्टंगडी तेथल्याच, आणि बीड जिल्ह्यातून गेलेले वामन केंद्रे तेथे शिकून २०१३ साली तेथेच संचालक झाले. शिक्षण हिंदीतून असल्याने महाराष्ट्रातील मुलांना आरंभी जे जड जाते ते आपल्या लखनवी मराठी मुलांना सहज येते. येथील मुलांचे उर्दू उच्चार ऐकून दिल्लीचे परीक्षकही खूश होत असतील. मराठीतूनच नाट्यशिक्षण हवे असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तीन महिन्यांत नट करून देतो म्हणणाऱ्या आणि भिंतीवर तारेतारकांची छायाचित्रे लावणाऱ्या वर्गांविषयी मात्र आम्ही काही बोलत नाही. त्यांच्या शुल्काचा आकडाच पुरेसा बोलका असतो.

कोणतीही संस्था ठरविण्यापूर्वी तेथे एक पूर्ण दिवस काढावा, असा आमचा आग्रह असतो. प्राचार्यांच्या खोलीत अर्धा तास बसून काही कळत नाही. दुपारी चारनंतर जाऊन पाहावे की वर्ग संपल्यावर मुले काम करीत आहेत की खोल्यांना कुलपे आहेत. मुद्रणाच्या यंत्रावर शाई ओली आहे की धूळ आहे. भाजणीची भट्टी शेवटची केव्हा पेटली. ग्रंथालयातील चित्रसंग्रहांची दोन पुस्तके काढून मागील चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कोणत्या वर्षाचा ते पाहावे. तंबोरे लावलेले आहेत की खोळींत उभे आहेत. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहा पाजून विचारावे की पहिल्या वर्षाला कोण शिकवितो. पुष्कळदा नामवंत अध्यापक शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवलेले असतात आणि पाया घालण्याचे काम तासिकेवर नेमलेल्या, वर्षावर्षाला बदलणाऱ्या तरुणांकडे असते. ते तरुण वाईट नसतात, परंतु त्यांना स्वतःलाच पुढल्या जुलैची शाश्वती नसते.

यावर सरकारी माणसाला सुचणारा एक उपाय सांगतो. संस्था शासकीय किंवा शासनाच्या अनुदानावर चालणारी असेल, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा तिला लागू होतो. केंद्रीय संस्थेला दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा : प्रत्येक विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या तीन वर्षांत अतिथी अध्यापक किती. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मंजूर बारांपैकी भरलेली चार, असे उत्तर आले तर माहितीपुस्तकाच्या गुळगुळीत मुखपृष्ठावर अधिक विचार करण्याचे कारण उरत नाही. हा अर्ज प्रवेशाच्या आदल्या हिवाळ्यात करावा. जूनमध्ये केलेल्याचे उत्तर जुलैत येते.

आता एक नाजूक विषय. गुरूचा सहवास श्रेष्ठ असे आम्ही वर म्हटले आणि त्यापासून मागे हटत नाही. परंतु सहवास म्हणजे निमूटपणा नव्हे. गुरुसेवेच्या नावाखाली मुलामुलींना सोसावे लागलेले प्रकार गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणांहून उजेडात आले आहेत, आणि त्यांपैकी बरेच पालकांनीच "गुरुजींविषयी असे बोलू नये" म्हणून प्रथम दाबून टाकले होते. २०१३ च्या कायद्याने अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक झाले. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ चा कायदा आहे. संस्थेत पाऊल ठेवताच त्या समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली आहेत काय ते पाहावे. खाजगी गुरुकुलात मूल ठेवत असाल तर तेथे आधी राहून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांशी, शक्यतर त्यांच्या आईशी, एकट्याने बोलावे. आणि मुलीला निघताना सांगावे की कोणत्याही वेळी परत ये, कोणी कारण विचारणार नाही. हे वाक्य घरात उच्चारले गेलेले असणे, हेच पुष्कळदा तिचे संरक्षण होते.

उपजीविकेविषयी बोललो नाही तर सभा आम्हांस उठू देणार नाही. नोकरीच्या जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' हा एक शब्द असतो. पदवी देणारे विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे की नाही हे प्रवेशापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. विशारदला कोठे पदवीसमान मानतात, कोठे मानीत नाहीत; ज्या पदाकडे डोळा असेल त्या पदाची अर्हता मुळातून वाचावी. उलट आकाशवाणीच्या स्वरचाचणीत पदवीला काही स्थान नाही. नाव न सांगता ध्वनिमुद्रण ऐकले जाते आणि श्रेणी दिली जाते. संस्कृती मंत्रालय अठरा ते पंचवीस वयाच्या होतकरू कलावंतांना दोन वर्षांची शिष्यवृत्ती देते, आणि दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सांस्कृतिक साधनस्रोत व प्रशिक्षण केंद्राची वेगळी योजना आहे. आपल्या मंडळातून या दोहोंसाठी अर्ज फारसे जात नाहीत. मुले नाहीत म्हणून नव्हे. शेवटची तारीख गेल्यावर आपण चर्चा करतो म्हणून.

प्रवेश मिळाला नाही तर? म्हैसूरच्या रा. कृ. लक्ष्मण यांना ज. जी. कलाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता. त्यांनी म्हैसूरला बी.ए. केले, चित्रे काढणे सोडले नाही, आणि मुंबईने पुढे अर्धशतक सकाळचा चहा त्यांच्या चित्राबरोबर घेतला. प्रत्येक नाकारलेला मुलगा लक्ष्मण होत नाही हे आम्हांस कळते. परंतु नकाराचे पत्र आले त्या रात्री घरात सुतक धरू नये आणि सकाळी उठून मुलाला वाणिज्य शाखेच्या रांगेत उभे करू नये. एक वर्ष घरी राहून रोज चार तास काम करू द्यावे. त्या वर्षात तो स्वतःच ठरवील. जो रोज चार तास बसू शकत नाही, त्याला ते मार्चपर्यंत आपोआप उमगते आणि कोणावर राग राहत नाही.

कार्यवाहांच्या संमतीने आम्ही मंडळाच्या वाचनालयात एक फाईल ठेवली आहे. तीत वर सांगितलेल्या संस्थांची यंदाची माहितीपुस्तके, शिष्यवृत्त्यांचे नमुना अर्ज आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा एक मसुदा लावलेला आहे. फाईल घरी नेऊ नये. वाचनालयाच्या टेबलावरच पाहावी. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तेथे असतो. येताना मुलाला बरोबर आणावे, आणि त्याची चित्रांची वहीही आणावी.